दूध संस्थेची वही आणि सी: स्ट्रक्चर, इनम, पॉइंटर शिकतानाचा अनुभव

सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेऊन पॉइंटरपाशी थांबलेली बरीच माणसं मला भेटली आहेत. डिप्लोमाची मुलं आहेत, बीसीएच्या मुली आहेत, नोकरी सांभाळून शिकणारेही आहेत. मी स्वतः बी.कॉम. झालेली, करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत हिशेब लिहिते. २०२३ मध्ये जुलै ते डिसेंबर या काळात सी शिकले आणि त्यातला सगळ्यात जास्त वेळ स्ट्रक्चर (अनेक बाबींची मिळून एक नोंद), इनम (आकड्यांना दिलेली नावं) आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारा चल) या तिघांनी घेतला. तो वेळ कशात गेला, काय केल्यावर गोष्टी उमगल्या, फॉर्म-फी-परीक्षेचं काय झालं, हे सगळं क्रमाने लिहिते आहे. कुणाला तरी उपयोग होईल.

आधी कारण सांगते. संस्थेत संकलनाचं सॉफ्टवेअर आहे, दर दहा दिवसांनी त्यातून बिल निघतं. पण चौकटीबाहेरची यादी हवी असली, उदाहरणार्थ फक्त म्हशीचं दूध घालणारे आणि दोन्ही वेळेला येणारे उत्पादक, तर वही घेऊन बसावं लागतं. माझा धाकटा दीर पुण्यात एम्बेडेडचं, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेल्या छोट्या संगणकांच्या प्रोग्रॅमचं, काम करतो. तो म्हणाला, “वहिनी, नुसती यादीच काढायची असेल तर एक्सेल पुरे आहे. आत काय चालतं ते बघायचं असेल तर सी घ्या.” मला आत काय चालतं तेच बघायचं होतं.

कोर्स एनपीटीईएलवरचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमातला, घेतला. आयआयटी खरगपूरचे प्रा. अनुपम बसू यांचा ‘प्रॉब्लेम सॉल्व्हिंग थ्रू प्रोग्रॅमिंग इन सी’, १२ आठवड्यांचा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला. शिकायला पैसे लागत नाहीत. व्हिडिओ आणि दर आठवड्याच्या असाइनमेंट फुकट आहेत. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षा द्यायची, तिची फी मी १,००० रुपये भरली. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या: कोर्सला नाव नोंदवणं आणि परीक्षेचा फॉर्म भरणं ही दोन वेगळी कामं आहेत. कोर्समध्ये नाव आहे म्हणून परीक्षेला आपोआप बसता येत नाही. परीक्षेचा फॉर्म नंतर सुरू होतो आणि त्याची शेवटची तारीख वेगळी असते. नाव ओळखपत्रावर आहे अगदी तसंच लिहा, कारण प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. लग्नानंतर ज्यांची दोन नावं कागदोपत्री चालू आहेत त्यांनी हे आधी निस्तरून घ्यावं. फोटो आणि सही स्कॅन करून ठेवलेली असली की फॉर्म एका बैठकीत भरून होतो.

गुणांचं गणित असं: असाइनमेंटचे २५, परीक्षेचे ७५. बारापैकी चांगल्या आठ असाइनमेंटची सरासरी धरतात. उत्तीर्ण व्हायला २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० हवेत, आणि दोन्ही अटी वेगवेगळ्या पूर्ण कराव्या लागतात. चार आठवड्यांची ही सवलत मला फार उपयोगी पडली. सप्टेंबरमध्ये १९ तारखेला गणपती, मागोमाग गौरी. त्या दिवसांत घरात लॅपटॉप उघडणं शक्यच नव्हतं.

लॅपटॉप सेकंडहँड घेतला, १४,००० रुपयांना, आणि त्यावर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घेतली. जीसीसी कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला चालवता येईल असा करून देणारं साधन, फुकट आहे. पुष्कळ ठिकाणी अजून टर्बो सी वरच शिकवतात. वाईट काही नाही, पण तिथे इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) दोन बाइटचा असतो आणि आजच्या जीसीसीत चार बाइटचा. जुन्या नोट्समधली ‘या स्ट्रक्चरचा साइझ किती’ या प्रश्नाची उत्तरं तुमच्या यंत्रावर जुळली नाहीत तर घाबरू नका. कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पहिले सहा आठवडे सरळ गेले. इफ, लूप, ॲरे (एकाच प्रकारच्या बाबींची रांग). हिशेबाची सवय असलेल्या माणसाला ते जड जात नाही. ॲरे आल्याबरोबर मी संस्थेची वही प्रोग्रॅममध्ये घालायला घेतली. एका ॲरेत उत्पादकाचा कोड, दुसऱ्यात लिटर, तिसऱ्यात फॅट, चौथ्यात एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ). छापायला ठीक होतं. मग लिटरप्रमाणे उतरत्या क्रमाने लावायचं म्हटलं, तेव्हा लिटरचे आकडे वरखाली झाले आणि फॅट जिथल्या तिथे राहिली. एकाचं दूध, दुसऱ्याची फॅट. प्रत्येक अदलाबदलीत चारही ॲरे हलवल्या की काम होतं, पण पाचवी बाब वाढली की पुन्हा सगळीकडे हात घालावा लागतो. स्ट्रक्चर कशासाठी आहे हे मला इथेच कळलं, कोर्समध्ये तो धडा यायच्या कितीतरी आधी. माझं प्रामाणिक मत असं की ज्यांनी असा ॲरेंचा गोंधळ हाताने सोडवलेला नाही त्यांना स्ट्रक्चर नुसती व्याख्या वाटते. म्हणून आधी स्ट्रक्चरशिवाय एक छोटा प्रोग्रॅम लिहून बघाच.

दहावा आठवडा ‘स्ट्रक्चर आणि पॉइंटर’, अकरावा आपल्याच प्रकाराच्या नोंदीकडे बोट दाखवणारी स्ट्रक्चर आणि लिस्ट, म्हणजे अशा नोंदींची साखळी. ऑक्टोबरची सुरुवात होती. मी नोंदीचं स्ट्रक्चर केलं: कोड इंट, नाव ४० अक्षरांची कॅरॅक्टर ॲरे, जनावराचा प्रकार, सत्र (सकाळ की संध्याकाळ), लिटर, फॅट, एसएनएफ. आता एकीची नोंद दुसरीच्या जागी ठेवायची तर बरोबरचं एक चिन्ह पुरतं. सी संपूर्ण स्ट्रक्चर एका झटक्यात कॉपी करते. मात्र दोन स्ट्रक्चर सारखी आहेत का हे ‘==’ लावून विचारता येत नाही, कंपायलर नकार देतो. एकेक बाब तपासावी लागते. नावाच्या ॲरेत थेट बरोबर लावून नाव भरता येत नाही, त्याला स्ट्रिंगची फंक्शनं लागतात. या तीन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, परीक्षेतही येतात.

जनावराचा प्रकार आणि सत्र यांसाठी इनम वापरला. आधी मी गाईला १ आणि म्हशीला २ असे आकडे लिहीत होते. दोन आठवड्यांनी तोच प्रोग्रॅम उघडला की ‘प्रकार == २’ म्हणजे काय ते शोधत बसायचं. इनममध्ये गाय, म्हैस अशी नावं दिली की वाचतानाच अर्थ कळतो. आत आकडेच असतात, आपण वेगळं सांगितलं नाही तर पहिल्याला ० आणि पुढे एकेक वाढत. इतकं सगळ्या नोट्समध्ये असतं. मला जे कुठे चटकन सापडलं नाही ते लिहिते.

दर ठरवणाऱ्या फंक्शनमध्ये मी इनमवर स्विच लावला, म्हणजे प्रत्येक प्रकारासाठी वेगळी वाट (‘केस’) लिहिली. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून मोजायला सुरुवात होते, म्हशीचा ६.० आणि ९.० धरून, म्हणजे दोन वेगळ्या केस. त्यात ‘डीफॉल्ट’ (बाकी राहिलेल्या सगळ्यांसाठीची वाट) मुद्दाम लिहिलं नाही. आणि कंपाइल करताना ‘-डब्ल्यूऑल’ हा इशारे दाखवणारा पर्याय लावला. पुढे इनममध्ये ‘मिक्स’ हा तिसरा प्रकार घातला, तेव्हा कंपायलरनेच सांगितलं की अमुक ओळीच्या स्विचमध्ये मिक्सची केस नाही. अशा जागा शोधत फिरावं लागलं नाही. डीफॉल्ट असतं तर तो गप्प बसला असता आणि मिक्स दूध भलत्याच दराने गेलं असतं. इनमचा खरा फायदा मला इथे दिसला.

पण इनमवर आंधळा भरवसाही नको. सी मध्ये इनमच्या चलात ७ भरलं तरी कुणी अडवत नाही. म्हणून कीबोर्डवरून प्रकार घेताना तो साध्या इंटमध्ये घ्यावा, मर्यादेत आहे का बघावं, आणि मगच इनममध्ये ठेवावा. थेट इनमच्या पत्त्यावर स्कॅनएफ (कीबोर्डवरून वाचणारं फंक्शन) लावू नये. इनमला आत कोणता पूर्णांक प्रकार द्यायचा हे कंपायलर ठरवतो.

आता पॉइंटर. दीर म्हणाला होता, “व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघू नका, पत्ते छापून बघा.” या सगळ्या महिन्यांत मला मिळालेला सगळ्यात मोलाचा सल्ला हाच. मी तीन नोंदींची ॲरे केली आणि प्रत्येक नोंदीचा मेमरीतला पत्ता प्रिंटएफमध्ये ‘%पी’ लावून छापला. पत्ते सोळाच्या पायावरच्या आकड्यांत येतात. शेवटचे अंक असे आले: ०००, ०४०, ०८०. सोळाच्या पायावरचे ४० म्हणजे आपले ६४. मग साइझऑफ लावून नोंदीचा आकार छापला: ६४. कोडचे ४, नावाचे ४०, दोन इनमचे ८, तीन फ्लोटचे (दशांश आकड्यांचे) १२. बेरीज ६४. तो आकडा जुळला तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. अंदाजाने समजलेलं आणि मोजून पटलेलं यांत फार फरक असतो. प्रोग्रॅम पुन्हा चालवला की पत्ते बदलतात, तरी अंतर ६४ च राहतं.

मापावर आलेला उत्पादक नुसतं “एकशेसात” म्हणतो. नाव, जनावरं, बँकेचं खातं यांतलं काही तो सांगत नाही. १०७ वरून मी वहीचं पान उघडते आणि सगळं समोर येतं. पॉइंटर म्हणजे असा नंबर, आणि * लावणं म्हणजे पान उघडणं. एवढ्यापर्यंत हे चालतं. पुढे फरक पडतो, कारण पॉइंटरला आपण कोणत्या प्रकाराकडे बोट दाखवतो हे माहीत असतं. नोंदीच्या पॉइंटरमध्ये १ मिळवला की तो एक बाइट पुढे सरकत नाही, ६४ बाइट सरकतो, म्हणजे बरोबर पुढच्या नोंदीवर. हेही पत्ते छापूनच बघा.

नंतर एक प्रयोग मुद्दाम केला, तो प्रत्येकाने करावा. फॅट बदलणारं फंक्शन दोन प्रकारे लिहिलं. पहिल्यात स्ट्रक्चर जसंच्या तसं पाठवलं. फंक्शनच्या आत फॅट बदलली, आतून छापली तर नवी दिसली, बाहेर आल्यावर जुनीच. दोन्ही ठिकाणचे पत्ते छापले तेव्हा कारण डोळ्यांसमोर आलं: पत्ते वेगळे. आत गेली होती ती नक्कल. दुसऱ्या प्रकारात ‘&’ लावून पत्ता पाठवला, आत ‘->’ वापरून फॅट बदलली, बाहेरही बदललेली दिसली. पत्ता एकच. ‘->’ हे वेगळं काही नाही. पॉइंटरचं नाव पी असेल तर कंसात (*पी) आणि मग टिंब, त्याचंच ते आटोपशीर रूप. कंस टाकला नाही तर टिंब आधी लागू होतं आणि कंपायलर रागावतो. परीक्षेत ‘*पी++’ आणि ‘(*पी)++’ यांतला फरक हमखास विचारतात: पहिल्यात पॉइंटर पुढे जातो, दुसऱ्यात तो जिथे दाखवतो तिथला आकडा वाढतो.

या आठवड्यात आणखी एक प्रश्न पडला. नोंदीत दुधाची प्रत, म्हणजे दर्जा, ठेवायला एक कॅरॅक्टर (एका बाइटचं अक्षर) वाढवला. ६४ अधिक १ म्हणजे ६५ व्हायला हवेत, साइझऑफ दाखवतो ६८. कंपायलर मधे रिकामे बाइट सोडतो, म्हणजे ॲरेतल्या पुढच्या नोंदीचे इंट आणि फ्लोट चारच्या पटीतल्या पत्त्यावर येतात. याला पॅडिंग म्हणतात. बाबींचा क्रम बदलला की आकारही बदलू शकतो: कॅरॅक्टर, इंट, कॅरॅक्टर असा क्रम असेल तर १२ बाइट, आणि दोन्ही कॅरॅक्टर शेजारी ठेवले तर ८.

शिकताना कधी वाटायचं, ही एवढी कसरत कुणी आणि कशाला करून ठेवली. इतिहास वाचला तेव्हा उलगडलं. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये डेनिस रिची सी घडवत होते तेव्हा, १९७२ मध्ये, त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा सी मध्ये लिहून बघितला आणि सोडून दिला. तेव्हा सी मध्ये स्ट्रक्चर नव्हती. ती आल्यावर १९७३ च्या उन्हाळ्यात गाभा सी मध्ये लिहून झाला. इनम तर त्याच्याही नंतरचा. फाइल, प्रोसेस, डिस्क यांच्या नोंदी ठेवायला त्यांनाही नोंदीला एक आकार द्यावाच लागला. माझ्या वहीची अडचण आणि त्यांची अडचण एकाच जातीची होती हे वाचून मला फार धीर आला.

अकराव्या आठवड्यातली लिस्ट मी पूर्णपणे कागदावर शिकले. प्रत्येक नोंदीचा चौकोन, कोपऱ्यात खोटा पत्ता, आणि ‘पुढची’ या घरात पुढच्या चौकोनाचा पत्ता. बाण काढण्यापेक्षा पत्त्याचा आकडा लिहा. बाण खोडरबरने कसाही वळवता येतो. आकडा लिहिताना तो आला कुठून ते सांगावं लागतं. मधली नोंद काढायची तर आधी मागच्या घरातला आकडा बदलायचा आणि मगच ती जागा फ्री करायची. शेवटच्या घरात नल, म्हणजे ‘पुढे कुठलाच पत्ता नाही’.

परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी होती. शनिवारी, २८ तारखेला, कोजागिरी, म्हणजे संस्थेत रात्रीपर्यंत काम. केंद्र कोल्हापुरात मिळालं. हॉल तिकिटाची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र लागतं. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही, आणि मोबाइल आत नेता येत नाही. वेळ तीन तास, पेपर संगणकावर, पर्यायी प्रश्न. प्रोग्रॅम देऊन ‘काय छापलं जाईल’ असे प्रश्न पुष्कळ होते. कच्च्या कामाला कागद मिळतो, त्यावर चौकोन आणि पत्ते काढून सोडवा. वेळ पुरतो. घाईने तोंडी सोडवण्याची गरज नाही. निकालाला काही आठवडे लागतात. प्रमाणपत्र पीडीएफ स्वरूपात येतं, ते आपणच उतरवून घ्यायचं.

निकालाची वाट बघत बसण्यापेक्षा मी संस्थेचा प्रोग्रॅम पूर्ण करायला घेतला. खरं शिक्षण मला वाटतं तिथे झालं. उत्पादक किती येतील हे आधी माहीत नसतं, म्हणून जागा मॅलॉकने घेतली, भरत आली की रीॲलॉकने दुप्पट केली. दोन्ही वेळा नल आला का, म्हणजे जागा मिळालीच नाही का, ते बघायचं. दिवाळी १२ नोव्हेंबरला होती, त्याआधी दर फरकाची यादी काढायची होती. सर्वांत जास्त दूध घालणाऱ्या उत्पादकाकडे बोट दाखवणारा पॉइंटर मी एका चलात ठेवला होता. कधी नाव बरोबर यायचं, कधी चित्रविचित्र अक्षरं. ‘-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस’ हा पर्याय लावून कंपाइल केलं आणि पहिल्याच फेरीत उत्तर मिळालं: सोडलेली जागा अमुक ओळीवर वाचली जाते आहे, आणि ती जागा सुटली रीॲलॉकच्या ओळीवर. रीॲलॉक सगळी ॲरे उचलून दुसरीकडे ठेवू शकतो. तसं झालं की जुने पत्ते निरर्थक ठरतात. तेव्हापासून ॲरेतल्या नोंदीचा पत्ता जपून न ठेवता तिचा क्रमांक ठेवते. हा पर्याय पहिल्या दिवसापासून लावायला हवा असं माझं ठाम मत आहे. पॉइंटरच्या चुका नजरेने शोधण्यात माणसाचा उत्साह संपतो आणि मग तो सी सोडतो.

फाइलबद्दल एक सूचना. एफराइटने संपूर्ण स्ट्रक्चर फाइलमध्ये टाकता येतं आणि ते सोपं वाटतं. पण स्ट्रक्चरमध्ये पॉइंटर असेल तर फाइलमध्ये नुसता पत्ता जातो, दुसऱ्या दिवशी त्या पत्त्यावर काहीच नसतं. नावाला पॉइंटर न ठेवता ४० ची ॲरे ठेवली होती त्याचा इथे फायदा झाला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या बिलाला मी माझा प्रोग्रॅम संस्थेच्या बिलाशेजारी ठेवून ताडला. बहुतेक कोड जुळले, काहींत थोड्या पैशांचा फरक. संस्थेत प्रत्येक सत्राची रक्कम आधी पैशापर्यंत पूर्ण करतात आणि मग दहा दिवसांची बेरीज होते. माझा प्रोग्रॅम फ्लोटमध्ये बेरीज करून शेवटी पूर्ण करत होता. म्हणून दुधाच्या दर्जाची बाब काढून टाकली आणि तिच्या जागी नोंदीत रक्कम ही नवी बाब घातली, लाँग प्रकारात (माझ्या यंत्रावर ८ बाइटचा पूर्णांक) आणि पैशांत. स्ट्रक्चरचा आकार ७२ झाला. त्यामुळे आधीच्या आकाराने लिहिलेली फाइल नवा प्रोग्रॅम वाचू शकेना, तेव्हा जुन्या प्रोग्रॅमने सगळ्या नोंदी स्वल्पविराम लावून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढल्या आणि नव्याने भरल्या. आता मूळ फाइलच मजकुराची ठेवते. पुढे बाब वाढली तरी वाचायचं फंक्शन तेवढं बदलावं लागतं. डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांचं बिल सगळ्या कोडांना पैशापर्यंत जुळलं, आणि म्हशीचं दूध दोन्ही वेळेला घालणाऱ्यांची यादी त्याच दिवशी छापून चेअरमनसाहेबांच्या टेबलावर ठेवली.